ड्रिल मशीनचा पंचनामा

नवी वस्तू घरात आली की काका आधी तिला अटक करायचे.

काका म्हणजे माझे नल्लकुंट्यातले घरमालक. मी नोकरीसाठी पुण्याहून हैदराबादला आले आणि पाच वर्षं त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहिले. काकांची सगळी नोकरी शहरातल्या एका फौजदारी कोर्टाच्या मालखान्यात झाली होती. गुन्ह्यात जप्त केलेल्या वस्तू खटला संपेपर्यंत जिथे ठेवतात, ती खोली म्हणजे मालखाना. सुरे, सायकली, खोटे शिक्के, फुटकी कुलपं, एकदा तर एक हार्मोनियमसुद्धा, हे सगळं त्यांच्या ताब्यात असायचं. वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर क्रमांक आणि वर्णन लिहायचं, गाठीवर लाख ओतून शिक्का मारायचा. हे त्यांनी तेहतीस वर्षं केलं, आणि निवृत्तीनंतर घरी येऊन पुढे चालू ठेवलं.

मी राहायला आले त्या दिवशी माझं सामान टेम्पोतून उतरत होतं आणि काका फाटकाशी वही घेऊन उभे होते. "प्लास्टिकची बादली, निळी, एक. कुंडी, तडा गेलेली, एक." मी म्हटलं, काका, तडा आत्ता टेम्पोत गेला. त्यांनी मान वर न करता लिहिलं, "तडा ताजा." माणसाला पहिल्याच भेटीत खजील करायचा मक्ता आम्हा पुणेकरांकडे आहे अशी माझी समजूत होती. ती त्या फाटकात संपली.

त्यांच्या मिक्सरला चिठ्ठी होती, इस्त्रीला होती, पाण्याच्या मोटरला होती. काकू म्हणायच्या, "या घरात बिनचिठ्ठीची मी एकटीच. माझं वर्णन त्यांना अजून जमलं नाही."

काकांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "नाव नंतर. आधी वर्णन." चिठ्ठीवर ते वस्तूचं नाव कधीच आधी लिहीत नसत. लांबी, रुंदी, रंग, डाग, सगळं लिहून झालं की मग नावाचा विचार. मला हा निव्वळ चक्रमपणा वाटायचा. मग एकदा त्यांनी कारण सांगितलं. त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीला एका मारामारीच्या खटल्यात कुणीतरी घाईने चिठ्ठीवर 'चाकू' असं लिहिलं होतं. वस्तू होती चपला शिवणाऱ्याची रापी, त्याच्या रोजच्या कामाची. "चाकू लिहिलं की सगळ्यांनी चाकूच पाहिला," काका म्हणाले. "सात महिने आत होता तो माणूस. एकाने पण पिशवी उघडून बघितली नै." त्यानंतर मी त्यांच्या चिठ्ठ्यांना हसायचं थोडं कमी केलं.

दसऱ्यानंतर काकू न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि हॉस्पिटलमधून ताई त्यांना परस्पर हिमायतनगरला आपल्या घरी घेऊन गेली. ताई म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. तिचा फ्लॅट नवा होता, इमारतीला लिफ्ट होती, आणि बाथरूममध्ये धरायला जाडजूड स्टीलचे दांडे आधीपासून होते. ताईने वडिलांना स्वच्छ सांगितलं, "बाबा, आपल्या घरात आधाराला काही म्हणजे काही नाही. तिथे दांडे बसल्याशिवाय आई येणार नाही. संक्रांतीपर्यंत बसले नाहीत, तर खालचा मजलापण भाड्याने देऊ आणि तुम्ही इकडे या."

काका म्हणाले, "दांडे मी लावतो."

"मिस्त्री बोलवा ना बाबा."

"मिस्त्री लावून निघून जाईल. धरायचं हिला आहे. जामीन कोण राहणार?"

यावर ताईने माझ्याकडे बघितलं आणि मी छताकडे. पण त्याच संध्याकाळी काका जिना चढून वर आले. पंचेचाळीस वर्षं काकूंच्या हातचा चहा प्यालेला माणूस तो. आता सकाळी स्वतःच करून गाळायला विसरत होता, शर्टावर चहाची पत्ती होती. म्हणाले, "पुणेवाल्या बाई, तुमच्या फोनवरून ती बिनवायरची ड्रिल मशीन मागवा. सगळ्या सामानासकट." मी मागवली.

खोकं आलं त्या दिवशी काकांनी दिवाणखान्यात पांढरी चादर अंथरली. मशीन, दोन बॅटऱ्या, चार्जर आणि एका पेटीत खणाखणांत बसवलेले तुकडे: भोक पाडायच्या पेन्सिलीएवढ्या पिळाच्या बिटा, बोटाच्या पेराएवढ्या बिटा, कप, नळ्या, एक सापासारखी वळणारी दांडी. मी म्हटलं, दोन मिनिटं थांबा, व्हिडिओ लावते, सगळं कळेल.

"नक्को. ऐकीव पुरावा आहे तो."

मग मी माहितीपुस्तिका उघडली. त्यांनी ती घेतली, चष्मा वर करून पहिलं चित्र बघितलं, मग मशीन बघितली. "यातल्या मशीनला बटण इथे आहे, आपल्याला तिथे. दुसऱ्याच मशीनबद्दल बोलून राहिला हा. साक्षीदार खोटा." पुस्तिका बाजूला गेली.

त्यांनी एकेक तुकडा चादरीवर मांडला, मोजपट्टीने मोजला आणि चिठ्ठी बांधायला घेतली. पहिल्या चिठ्ठीवर त्यांनी 'क्र. २' लिहिलं. मी म्हटलं, चुकलं, एक राहिला. "एक आधीचा आहे," ते म्हणाले आणि पुढे लिहू लागले. मला वाटलं खोक्यालाच एक नंबर दिला असेल.

त्यानंतर रोज संध्याकाळी माझं ऑफिसचं काम आटोपलं की खाली पेशी भरायची. हा त्यांचाच शब्द. कोर्टात तारीख लागावी तशी एकेका तुकड्याची तारीख लागायची. एका दिवशी एकच तुकडा. तो काय करू शकत नाही ते आधी सिद्ध करायचं, मग काय करू शकतो ते. माझ्यासारख्या घाईच्या बाईचा जीव जायचा. टोकाला बारीक काटा असलेल्या बिटा लाकडाच्या, हे मोडक्या खुर्चीच्या पायावर ठरलं. टोकाला चपटं पातं जोडलेल्या बिटा लाकूड नुसतं जाळत होत्या, पण गच्चीवरची वीट मात्र लोण्यासारखी कापत होत्या. त्या भिंतीच्या ठरल्या. कप होते ते नट फिरवायचे. मशीनच्या गळ्याशी आकड्यांचं कडं होतं, त्याचे दोन दिवस गेले. आकडा लहान ठेवला की मशीन स्क्रू थोडा फिरवून कटकट आवाज करत थांबते, मोठा ठेवला की जास्त जोर लावते, हे त्यांनी एकेका आकड्यावर एकेक स्क्रू घालून शोधलं. एक आखूड नळी कशात बसते ते कळेना. काकांनी ती पलंगाखाली पडली म्हणून हात घालून काढली, तर तिच्या टोकाला काकूंचा केसातला आकडा चिकटून आला. "चुंबक आहे," मी ओरडले. काकांनी चिठ्ठीवर चुंबक लिहिलं, तो केसातला आकडा पुसला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. त्या दिवशी पेशी लवकर बरखास्त झाली.

पेशी संपली की हिमायतनगरला फोन. काकू पलीकडून विचारायच्या, "आज कोण सुटलं?" काका सांगायचे, "क्रमांक नऊ. लाकडाचं आहे." मग काकू सांगायच्या, आज वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत गेले, आज दोन पायऱ्या उतरले. दोघंही आपापला हिशेब द्यायचे. मी हे ऐकायला नको म्हणून उगाच स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायचे.

शेवटी दोन तुकडे उरले. क्रमांक सोळा: एका बाजूला रुंद कडी असलेली रबरी मूठ. क्रमांक सतरा: वीतभर लांब काळी काडी, अंगावर पट्टीसारख्या रेघा, टोक बोथट. काडी मशीनच्या तोंडात बसायची, पण फिरवली तर कशालाच भोक पाडायची नाही. काकांनी ती पाकिटात घालून पाकिटावर सही केली आणि बस पकडून सुलतान बाजारापलीकडच्या एका हार्डवेअरवाल्याकडे नेली. मीही गेले, कारण तोपर्यंत मलाही झोप लागेनाशी झाली होती. दुकानदाराने काडी उलटसुलट केली. "मेरेकू नै मालूम साब. डब्बे में ऐसे फालतू चीजां बहुत आते. फेंक देव."

काकांनी काडी परत पाकिटात घातली. परत येताना बसमध्ये ते एकदाच बोलले. "तेहतीस वर्षांत एक वस्तू फेकली नै."

संक्रांत जवळ येत होती. मी म्हटलं, सोळा-सतरा राहू द्या, दांड्यांना ते लागणार नाहीत. काकांना ते पटलं नव्हतं, पण तारीख त्यांनाही दिसत होती. रविवारी सकाळी आम्ही न्हाणीघरात उभे राहिलो. काकांनी टाईलवर चिकटपट्टी लावून त्यावर खूण केली. मग भिंतीची बिट मशीनच्या तोंडात घातली, चिठ्ठीसकट.

"काका, चिठ्ठी काढा. दोरा मध्ये आलाय, बिट सरळ बसणार नाही."

"चिठ्ठी काढली की माल बेवारशी होतो."

"अहो, कोर्ट नाही हे!"

त्यांनी बटण दाबलं. बिट डगमगत फिरू लागली, चिठ्ठी गरगरत माझ्या कोपरावर फटफट बसू लागली आणि लाखेचे कण आरशावर उडाले. चार भोकं पाडून झाली. सगळी तोंडाशी रुंद, पसरट. त्यांत प्लास्टिकचे प्लग घातले, दांडा लावला, स्क्रू आवळले. मग काकांनी दोन्ही हातांनी दांडा धरला आणि अंग मागे टाकलं. दांडा, प्लग आणि मूठभर प्लास्टर त्यांच्या हातात आलं. मी त्यांना पाठीमागून धरलं म्हणून ते पडले नाहीत.

मला वाटलं होतं ते चिडतील, मशीनला नावं ठेवतील. त्यांनी फक्त दांडा भिंतीशी टेकवून ठेवला आणि खोलीत जाऊन बसले. त्या संध्याकाळी पेशी नाही. फोनही नाही. काकूंनी माझ्या मोबाइलवर फोन केला, "काय झालं गं? ते उचलत का नाहीत?" मी खोटं बोलले की झोपलेत.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला सुट्टी टाकली आणि खाली गेले. भांडायच्या तयारीनेच गेले होते. मिस्त्री बोलवायचा, आजच, आणि हा हट्ट बस झाला, असं सगळं जिन्यात पाठ केलं होतं. काका पलंगावर बसले होते. त्यांच्यासमोर कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं, त्याला चिठ्ठी, गाठीवर लाख.

"तुम्ही विचारलं होतं ना, एक कुठे आहे," ते म्हणाले.

मी चिठ्ठी वाचली. 'मुद्देमाल क्र. १. स्टीलची दांडी, दोन फूट. दोन्ही टोकांस स्क्रू, एका स्क्रूवर लाकडी गुल्ली व प्लास्टरचा तुकडा. दांडी लावणारा इसम: मी स्वतः.'

न्हाणीघरातली टॉवेलची दांडी होती ती. तिथे भिंतीत दोन खड्डे मी पाहिले होते, पण ते कशाचे हे कधी विचारलं नव्हतं.

"घसरली तेव्हा ही दांडी धरली तिने," काका म्हणाले. "कोणीपण धरंल. ही आली हातात. मी लावली होती, माझ्या हाताने, गुल्ली ठोकून. टॉवेलसाठी लावली होती, पण भिंतीला दांडी दिसली तर माणूस आधार समजून धरणारच ना. तिने पोरीला सांगितलं नै. डॉक्टरला नै. पाय घसरला एवढंच बोलते." मग कापडाची कड सरळ करत, "मला पण काही बोलली नै. एक शब्द बोलली असती तर बरं झालं असतं."

जिन्यात पाठ केलेलं सगळं मी विसरले. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. ते लपवायचं कौशल्य आमच्या पुण्यात शिकवतात, पण त्या दिवशी कामाला आलं नाही.

काही सुचेना म्हणून मी कापड बाजूला सारून ती दांडी हातात घेतली. म्हटलं, "काका, नाव नंतर. आधी वर्णन. मोजली का ही?"

"दांडी मोजली."

"स्क्रू?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मोजपट्टी न्हाणीघरात राहिली होती. जवळ होती ती पाकिटातली काडी, क्रमांक सतरा, तिच्यावर रेघा होत्या. त्यांनी तीच स्क्रूशेजारी धरली. गुल्ली सव्वा इंचाची भरली. तिच्यावर चिकटलेला तुकडा मुळापासून टोकापर्यंत करडा होता. काकांनी चष्मा पुसला आणि परत पाहिलं. "सगळं प्लास्टर आहे. लाल कुठेच नै. विटेपर्यंत पोचलीच नव्हती ही." मग आदल्या दिवशी निघालेले प्लग मी आणले. तेही करडे. भोकं रुंद झाली होती, पण विटेपर्यंत जेमतेम पोचली होती.

काका काडीकडे बघत राहिले. "मोजायलाच आहे ही," ते हळूच म्हणाले. मग उठले, चादरीवरून सोळा नंबरची मूठ उचलली. तिची कडी मशीनच्या गळ्यात घातली, पिळली, घट्ट बसली. मुठीच्या बाजूला एक बारीक भोक होतं; आम्ही दोघांनी ते दहा वेळा पाहिलं होतं, वर्णनात लिहिलंसुद्धा होतं. काडी त्यातून सरळ आत गेली आणि बिटेला समांतर उभी राहिली. ती बिटेच्या टोकापासून तीन इंच मागे घेऊन काकांनी मशीन हवेत भिंतीशी धरली. बिट आत जाईल, काडी भिंतीला टेकेल, तिथे थांबायचं.

"भोक पाडत नै ही. किती खोल गेलं ते सांगते," ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "पुणेवाल्या बाई, कात्री आणा."

भिंतीच्या बिटेची चिठ्ठी त्यांनी स्वतः कापली. लाख नखाने खरवडली, दोरा काढला, बिट फडक्याने पुसली. वहीत लिहिलं, 'क्र. ११, कामासाठी मुक्त.' सोळा आणि सतराच्याही कापल्या. मला कात्रीला हात लावू दिला नाही.

जुन्या भोकांपासून हातभर दूर आम्ही नव्याने खुणा केल्या. या वेळी बिट थरथरली नाही. मी खाली कागद धरून बसले होते. आधी पांढरी भुकटी पडली, मग करडी, बराच वेळ करडी, आणि मग एकदम लाल. "लाल आलं!" मी ओरडले. "काडी टेकेपर्यंत सबर करा," काका वरून म्हणाले आणि दाबत राहिले. तीन दिवसांत न्हाणीघरात दोन दांडे, पुढच्या दाराच्या पायऱ्यांशी एक. प्रत्येकाला काका आधी स्वतः लटकले, मग मला लटकवलं. माझं वजन त्यांनी वहीत लिहिलं. मी ते अजून माफ केलेलं नाही.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी ताई काकूंना घेऊन आली. तिने तिन्ही दांडे हलवून पाहिले, वडिलांकडे पाहिलं, आणि आईची बॅग आत नेऊन ठेवली. काकू पायरीशी दांडा धरून चढल्या. काका त्यांच्याकडे बघत नव्हते, भिंतीतल्या स्क्रूकडे बघत होते.

काकांनी खिशातून केसातला आकडा काढून त्यांना दिला. त्यांनी तो घेतला, आणि त्यांचं लक्ष पलंगाकडे गेलं. कापडातली पुडी तिथेच होती. मी ती उचलायला गेले, पण उशीर झाला. काकूंनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन सगळी वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत.

"हा खटला कोणी गुदरला?" त्यांनी विचारलं.

काका चष्मा पुसू लागले.

"पडले मी. हाड माझं मोडलं. फिर्यादी मी ना? मी तर काही तक्रार दिली नाही कुठे." त्यांनी दोरा ओढून पाहिला, लाख तुटेना. "कात्री द्या गं."

कात्री मी दिली. त्यांनी चिठ्ठी कापली, चौघडी घालून आपल्या पर्सच्या कप्प्यात ठेवली आणि दांडी काकांपुढे धरली.

"लावा परत. टॉवेल काय वॉकरवर वाळत घालू?"

"फक्त टॉवेलसाठी," काका कसेबसे म्हणाले.

"कशासाठी का होईना. मी धरलं तर निघायला नको, एवढं बघा."

काकांनी मशीन घेतली, मूठ पिळून बसवली आणि काडी तीन इंचांवर आणली. मग थोडा वेळ विचार करून अजून अर्धा इंच मागे.